वॉर्डात जाण्याआधीची फुगडी

सात रस्ता, सदर बझार आणि सिव्हिल हा सोलापुरातला दवाखान्यांचा पट्टा. इथे कॉटवर पडलेल्या रुग्णाची भाषा सिस्टरला येतेच असे नाही. पूर्व भागातला विणकर घरात तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडची म्हातारी कन्नडमध्ये कण्हते, कुणी उर्दूत अल्लाचा धावा करतो. शिवाय विजयपूर-कलबुर्गीकडून आणलेले रुग्ण असतातच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री अशा माणसाला सिस्टरचे शब्द कळत नाहीत. पण ती कॉटपाशी थांबली की जाता जाता बोलली, सलाईन लावताना तिने मनगट धरले की दाबले, हे त्याला बरोबर कळते. रुग्णाविषयीची करुणा अशी अंगातून पोचत असेल, तर तिचे शिक्षणही अंगाला द्यायला हवे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून हालचालीतून मनावर उपचार करणाऱ्या डान्स मूव्हमेंट थेरपीतल्या तंत्रांना वेळापत्रकात जागा मिळाली पाहिजे.

नर्सिंगला येणाऱ्या मुलामुलींत मुळात माया नसते असे कोणी म्हणणार नाही. अडचण ती टिकण्याची आहे. अमेरिकेत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची रुग्णाचे मन जाणण्याची वृत्ती वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजली गेली. ज्यांचा रुग्णांशी जास्त संबंध आला, त्यांच्यातच ती घटलेली दिसली. इंग्लंडमध्ये स्टॅफर्डच्या रुग्णालयातील हेळसांडीची चौकशी झाली. तिच्या फेब्रुवारी 2013 मधल्या अहवालात 290 शिफारशी होत्या, आणि परिचारिकांची निवड व प्रशिक्षण करताना करुणेला महत्त्व द्या, असे त्यांत बजावलेले होते. रोज वेदना पाहणारे शरीर स्वतःला वाचवू लागते. खांदे आवळतात, श्वास आखडतो, नजर माणसाऐवजी केसपेपरवर राहते. त्या क्षणी वर्गात उतरवून घेतलेल्या नोट्स कामाला येत नाहीत.

मॅरियन चेस ही अमेरिकी नर्तकी 1942 पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मनोरुग्णांबरोबर काम करू लागली. बोलणे बंद झालेल्या रुग्णाची हालचाल ती आपल्या अंगात उचलून घेई आणि त्याच लयीत त्याला उत्तर देई. आरशासारखे होण्याचे हे तंत्र आज डान्स मूव्हमेंट थेरपीचा कणा आहे. वर्गात ते फार साधेपणाने करता येते. दोघी समोरासमोर उभ्या राहतात. एक हात हलवते, दुसरी तिच्या मागोमाग तसाच हलवते. मग अदलाबदल. शेवटी कोणीच पुढारी नसते, आणि तरी दोघींचे हात बरोबर वळतात. आपल्याकडच्या मुलींना हे परके वाटण्याचे कारण नाही. फुगडीत पाय जुळवून मागे झुकायचे, तर समोरचीचे वजन आपल्या मनगटांवर घ्यावेच लागते. एकीने हात सैल सोडला की दुसरी पडते. वाखरीच्या रिंगणाला वारकरी बायापुरुष फुगडी घालतात, तेव्हाही वय, जात, गाव न विचारता हेच घडते. आणि वॉर्डात काय असते? बेडसोर होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. चादरीची टोके धरून दोघी सिस्टर एका दमात वळवतात, तेव्हा रुग्णाचा श्वास ओळखून, तो सोडताना वळवले तर त्याला ते सोपे जाते. एकीने घाई केली तर तो कळवळतो.

पुरावा किती आहे? व्हाल्डेसोलो आणि डीस्टेनो या मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाबरोबर एकाच ठेक्यात बोटे वाजवलेल्यांपैकी जवळपास निम्मे जण पुढे त्याच्यावर अन्याय झाल्यावर मदतीला आले. ठेका जुळला नव्हता त्या गटात पाचांतला एखादाच. ही थेरपी आणि नृत्य यांच्या परिणामांवरील 41 अभ्यासांचा 2019 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला. त्यात चिंता, नैराश्य आणि जीवनमान यांवर मध्यम पण खरा लाभ दिसला. हा आढावा म्हणजे करुणेचे थेट मोजमाप नव्हे, आणि प्रयोगशाळेतला ठेका म्हणजे रात्रपाळीचा वॉर्डही नव्हे. म्हणून या पद्धतीने सिस्टर हमखास दयाळू होतील असा दावा मी करणार नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे, आणि करून पाहण्याइतका आधार नक्की आहे.

दुसऱ्याचे दुःख इतके अंगात घेतले तर मुली खचणार नाहीत का, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. मेंदूवैज्ञानिक टानिया झिंगर यांच्या चमूने दाखवून दिले आहे, की दुसऱ्याच्या वेदनेत नुसते बुडण्याचा सराव केला तर मन काळवंडते, पण त्याच्याविषयी ममता जोपासण्याचा सराव केला तर ते सावरते. म्हणून चांगल्या सत्रात दुसऱ्याची हालचाल घेण्याइतकाच ती सोडून स्वतःच्या पायांवर परत येण्याचा सराव असतो. ड्युटी संपल्यावर वॉर्ड घरी न नेण्याची ती तयारी आहे.

याहून मोठा आक्षेप मनुष्यबळाचा. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. तो पाळलाच नाही, तर एकटीने किती जणांचा श्वास ओळखावा? हे मला पूर्ण मान्य आहे. रिकाम्या जागा भरण्याऐवजी नाचाचे तास लावले, तर तो सिस्टरांवर अन्याय होईल. पण जागा भरल्यावरही जी येईल, तिला स्पर्श शिकवावाच लागेल. एकमेकांना स्पर्श करण्याच्या लाजेचा प्रश्न त्यामानाने किरकोळ. स्पर्शाआधी संमती विचारायची, मुलांना आणि मुलींना जोडीदार निवडू द्यायचा, गुण द्यायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत, एवढे नियम पुरतात. एक पथ्य मात्र सोडता कामा नये. गॅदरिंगचा नाच बसवणारे सर या कामाला चालणार नाहीत. सोहिनी चक्रवर्ती यांनी 2004 मध्ये सुरू केलेल्या कोलकाता संवेद संस्थेच्या सहकार्याने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या विषयाची पदविका चालवली आहे. अशा शिक्षणातून तयार झालेली व्यक्तीच बोलवावी.

सोलापुरातल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. एका तुकडीला आठवड्यातून एक तास याप्रमाणे एक सहामाही हे शिकवा, दुसरीला नेहमीसारखे चालू द्या. सहा महिन्यांनी दोन्ही तुकड्यांच्या वॉर्डातल्या रुग्णांना तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशा त्यांच्या त्यांच्या भाषेत विचारा, की या मुलीने कूस वळवली तेव्हा कसे वाटले. उत्तर काहीही आले तरी ते प्रसिद्ध करा.