एका थेंबातले जलधी

पूजा आटोपल्यावर ताम्हणात पळीतून निथळलेला एखादा थेंब मागे राहतो. तांब्यावर गोल, फुगीर, खिडकीतला उजेड पडला की चमकणारा. असे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर पाणी होतं. या एका थेंबात पाण्याचे रेणू किती असतील?

हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचाच आहे. १८ ग्रॅम पाण्यात जेवढे रेणू असतात, त्याला अ‍ॅव्होगाड्रोची संख्या म्हणतात. आपला थेंब त्या पाण्याचा ३६० वा भाग. भागाकार केला की उत्तर येतं १६७ आणि त्यापुढे १९ शून्यं.

ही संख्या वाचायला लाख-कोटी पुरत नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. त्यातलं एक नाव जलधी, म्हणजे समुद्र: एकावर १४ शून्यं. त्या मापानं आपल्या थेंबात १ कोटी ६७ लाख जलधी मावतात! शेवटचं नाव परार्ध, एकावर १७ शून्यं. थेंबात असे १६,७०० परार्ध आहेत.

समजा, सेकंदाला एक याप्रमाणे हे रेणू मोजायला घेतले. विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं, म्हणजे जेमतेम साडेचार परार्ध सेकंद. महास्फोटापासून एकदाही न थांबता कुणी मोजत बसलं असतं, तरी आजवर या थेंबाचा सुमारे ३,८०० वा भागच मोजून झाला असता.

आणि उन्हाळ्यात हा थेंब तासाभरात सुकतो. त्या तासात दर सेकंदाला साडेचार परार्धांच्या आसपास रेणू हवेत निघून जातात. विश्वाच्या जन्मापासून जितके सेकंद सरले, जवळपास तितके रेणू एकेका सेकंदात, आपल्या डोळ्यांदेखत. हा आकडा मी पहिल्यांदा मांडला तेव्हा तीनदा ताडून पाहिला.

मला याहून थोर वाटते ती मोजणाऱ्यांची चिकाटी. अ‍ॅव्होगाड्रोनं आपला सिद्धांत १८११ मध्ये मांडला आणि १८५६ मध्ये तो वारला; ही संख्या त्याला कधी कळलीच नाही. पुढे फ्रान्समध्ये झाँ पेरँनं झाडाच्या चिकापासून केलेल्या पिवळ्या रंगाचे बारीक कण पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली कोणत्या उंचीवर किती कण तरंगतात ते मोजलं. डोंगर चढताना हवा विरळ होत जाते, तसेच हे कणही वर वर विरळ होत जातात. त्या विरळ होण्याच्या प्रमाणातून त्यानं न दिसणाऱ्या रेणूंची गणती काढली. अणू खरोखर आहेत का, हा वाद त्यानंतर उरला नाही. १९२६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पेरँला मिळालं.

आता थेंब सोडा, पेला घ्या. २०० मिलिलिटर पाण्यातल्या प्रत्येक रेणूवर खूण केली, ते पाणी रत्नागिरीच्या समुद्रात ओतलं आणि जगातल्या सगळ्या महासागरांत ते अगदी सारखं मिसळेपर्यंत थांबलो, असं धरा. मग कुठल्याही किनाऱ्यावर पेला बुडवून भरा. खूण केलेले सुमारे एक हजार रेणू त्यात सापडतील.