रेषेआधी नजर

‘आमचा हात चित्रकलेचा नाही,’ असे सांगणारे सुशिक्षित प्रौढ घरोघरी आढळतात. शाळेत असताना एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या वस्तुचित्रासाठी मांडलेला तांब्या वाकडा उतरला, शेजारच्याचा मात्र हुबेहूब आला आणि पेन्सिल कायमची खाली ठेवली गेली, अशी बहुधा या समजामागची कथा असते. वास्तविक दोष हाताचा नसतो. ज्या हाताला स्वाक्षरीची वळणे जमतात, त्याला तांब्याचीही जमू शकतात. चूक होते ती पाहण्यात.

साध्या पेल्याचे उदाहरण घ्यावे. त्याचे तोंड वर्तुळाकार आहे, हे मनाला ठाऊक असते. किंचित वरून पाहताना मात्र ते चपटे, लंबगोल दिसते. पेला सपाट टेबलावर ठेवला आहे हेही ठाऊक असते, म्हणून नवशिका त्याचा तळ सरळ रेषेने काढतो. प्रत्यक्षात तळ नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असल्याने त्याची कड तोंडाच्या कडेपेक्षाही जास्त गोलाकार दिसते. ठाऊक असलेले बाजूला ठेवून जे दिसते तेच कागदावर उतरविणे, हा रेखाटनाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा प्रमाणाचा. पेन्सिल धरलेला हात पूर्ण ताणावा, एक डोळा मिटावा आणि पेन्सिलीचे टोक ते अंगठा या अंतरात पेल्याची रुंदी धरावी. ती उंचीत किती वेळा बसते, हे पाहावे. कोपर वाकले की माप बदलते, एवढे ध्यानात ठेवावे. कपाचा कान काढताना कानापेक्षा कान व कप यांमधील रिकाम्या जागेचा आकार काढावा. त्या जागेला नाव नसते, त्यामुळे मनातील ठरावीक चित्र आड येत नाही.

अमेरिकेतील कलाशिक्षिका बेट्टी एडवर्ड्स यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हेच तत्त्व वापरले. एखादे रेखाचित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करावयाची, हा त्यांचा स्वाध्याय. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांविषयीची त्यांची मांडणी शास्त्रज्ञांना फार ढोबळ वाटते. पण स्वाध्यायाचा उपयोग त्यामुळे कमी होत नाही. उलट्या चित्रात नाक, डोळे चटकन ओळखू येत नाहीत. उरतात त्या केवळ रेषा आणि कोन.

यानंतर छायाप्रकाश. खिडकीजवळ अंडे ठेवून डोळे किलकिले करून पाहावे. बारकावे पुसट होतात आणि उजेड-सावलीचे मोठे भाग स्पष्ट होतात. सर्वांत गडद पट्टा अंड्याच्या अगदी कडेला नसतो; टेबलावरून परतलेला उजेड कडेला किंचित उजळवतो. हे बारीक निरीक्षण साधले की सपाट आकृतीला गोलाई येते.

साहित्य थोडे पुरते: एचबी व चार-बी पेन्सिल, खोडरबर आणि साधी वही. पहिल्या रेषा फिक्या असाव्यात. चुकलेली रेषा लगेच खोडू नये. तिच्याशेजारी बरोबर रेषा काढावी, म्हणजे चूक किती व कोठे झाली ते कळते. रोज पंधरा मिनिटे आणि प्रत्येक पानावर तारीख, एवढी शिस्त पुरेशी आहे. काही महिन्यांनी पहिले पान उलटून पाहिल्यास बदलली ती नजर, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.