चांगुलपणाची वेळ

नांदेड जिल्ह्यातल्या कंधार गावाची ओळख दोन वास्तूंनी होते. पाण्याच्या खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला ही एक, आणि गावाला लागून असलेला 'जगत्तुंग समुद्र' नावाचा जुना तलाव ही दुसरी. किल्ल्याची उभारणी राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या नावावर सांगितली जाते. 'जगत्तुंग' हे बिरुद त्याच घराण्यातल्या तिसऱ्या गोविंदाचे; पुढच्या पिढ्यांतही ते नाव आले. हे राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी पुढे मान्यखेटला, आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला गेली, तरी या घराण्याने आपल्या मुळाची खूण म्हणून लातूरचे नाव सोडले नाही. तिसऱ्या गोविंदाचा मुलगा अमोघवर्ष इ. स. ८१४ च्या सुमारास कोवळ्या वयात गादीवर आला आणि त्याने साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केले. 'प्रश्नोत्तररत्नमालिका' नावाची एक छोटी संस्कृत रचना त्याच्या नावावर सांगितली जाते. चांगले जगणे म्हणजे काय, एवढाच तिचा विषय आहे.

या रचनेच्या कर्तृत्वाबद्दल वाद आहे. काही परंपरा ती शंकराचार्यांची मानतात, काही विमल नावाच्या जैन आचार्यांची; तिबेटी भाषांतरात मात्र कर्ता म्हणून अमोघवर्षाचे नाव येते, आणि एका पाठाच्या शेवटी विवेकाने राज्य सोडलेल्या या राजाने ती रचल्याचा उल्लेख आहे. वादाचा निकाल काहीही लागो, तिच्यातले प्रश्न कोणत्याही एका पंथाचे नाहीत. आंधळा कोण, बहिरा कोण, मुका कोण, असे ती विचारते, आणि तिच्या मते मुका तो, ज्याला वेळेवर गोड शब्द बोलता येत नाही. अनमोल काय, या प्रश्नाला ती ना रत्न सांगते ना राज्य. प्रसंगाला जे दिले गेले तेच अनमोल, असा तिचा निर्वाळा आहे. याच्या शेजारी संजान ताम्रपट ठेवून पाहावा. इ. स. ८७१ च्या त्या ताम्रपटात अमोघवर्षाची थोरवी गाताना, लोकांवरचे संकट टळावे म्हणून त्याने महालक्ष्मीला आपले बोट कापून वाहिल्याचे सांगितले आहे. तांब्यावर कोरला गेला तो डोळे दिपवणारा त्याग. नीतीच्या ग्रंथात मात्र त्याच राजाच्या नावावर वेळेवर बोललेला शब्द आणि वेळेवर केलेली मदत उरली. या दोहोंत खरे वजन दुसऱ्या गोष्टीला आहे, असे माझे म्हणणे आहे. माणूस मुळात चांगला की वाईट, या जुन्या वादात आपण चांगुलपणाची वेळ हा घटक फार कमी मोजला आहे.

मानवी स्वभावाचा हा वाद पुरातन आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात चीनमध्ये मेन्सियसने म्हटले, की विहिरीत पडू पाहणारे मूल दिसताच कुणाच्याही काळजात चर्र होते, म्हणजे करुणा जन्मजात आहे. त्याच्यानंतरच्या शुन्झीने उलट बाजू मांडली, की माणूस स्वार्थी जन्मतो आणि शिस्तीने सुधारतो. दोघांच्या बाजूने उदाहरणे हवी तितकी सापडतात, म्हणून वाद संपत नाही. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हा प्रश्न वेगळ्या अंगाने तपासला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना छोटे भाषण देण्यासाठी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत पाठवले. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत, कण्हत बसलेला होता. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' असे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषयच वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परक्या वाटसरूची बायबलमधली कथा हा होता, पण त्याने म्हणावा तसा फरक पडला नाही. प्रयोग लहान आहे आणि एकट्या त्याच्यावर सगळा सिद्धांत उभा करू नये. तरी त्याने दाखवलेली गोष्ट महत्त्वाची आहे. सारी मुले एकाच शिक्षणातली, एकाच श्रद्धेची होती. त्यांच्यात फरक होता तो हाताशी असलेल्या वेळेचा.

हे आपल्या लोकांना प्रयोगाशिवाय ठाऊक होते. तहान लागल्यावर विहीर खणणे, बैल गेला आणि झोपा केला, वरातीमागून घोडे: मराठीत उशिराला हिणवणाऱ्या म्हणी भरपूर आहेत. त्यामागे शेतीचा अनुभव आहे. कंधार, लोहा, मुखेड या पट्ट्यातली काळी जमीन पावसात चिकट होते आणि सुकली की भेगाळते. मधल्या थोड्या दिवसांत वाफसा येतो. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, सोडला तर भुगा होतो, बोटाला चिखल लागत नाही, तेव्हा तिफण चालते. ते दिवस हुकले तर भारीतले बियाणेही पीक देत नाही. ज्याचा बैल मेला किंवा घरात आजारपण आहे, त्याच्यासाठी हे चार दिवस वर्षाचा निकाल लावतात. म्हणून इर्जिक आणि सावड या रीती आल्या. गावातले औतधारी एकाच दिवशी एकाच्या शेतात उतरत, त्याच्याकडे जेवत आणि काम उरकून देत. यात दया होती तसा हिशेबही होता, कारण उद्या अडचण आपलीही असू शकते. मदत पंधरवड्याने मिळाली असती तर तिला काडीची किंमत नव्हती. मदतीचे मोल तिच्या आकारात नसून तिच्या दिवसात होते.

हीच गोष्ट किल्लारीने भीषण रीतीने दाखवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. जड दगड-मातीच्या भिंती आणि मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा ८ ते १० हजारांच्या घरात आहे. अशा आपत्तीत ढिगाऱ्याखालून जिवंत निघणारे बहुतेक लोक पहिल्या काही तासांत निघतात, आणि त्यांना काढणारे हात शेजाऱ्यांचे असतात. पुढे जगभरातून मदत आली, जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली. ती मदत गरजेची आणि मोठी होती. पण पहिल्या पहाटेचे काम ती करू शकत नव्हती. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, या भागाने लहान धक्क्यांची मालिका अनुभवली होती. त्यावरून भूकंपाची तारीख कोणतेही शास्त्र सांगू शकत नव्हते, म्हणून कुणाला दोष देणे अन्याय होईल. घर मात्र भूकंपाच्या आधीच मजबूत करता येते, हा धडा उरतो. दूरदृष्टी हे वेळेवर केलेल्या मदतीचेच आधी केलेले रूप आहे.

म्हणून वेळेचा गुण एकट्यादुकट्याच्या मनावर सोडून भागत नाही. त्याला व्यवस्थेची जोड लागते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हे शिकवले. वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले, आणि त्यात एक साधी अट होती: काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकारी भत्ता. उपाशी माणसाच्या बाबतीत 'आज ना उद्या' हे उत्तर क्रूर असते, हे कायद्याने मान्य केले. अंमलबजावणीत त्रुटी राहिल्या, तरी करुणेला मुदत घालून देण्याची ही कल्पना मला नीतीच्या इतिहासात फार मोलाची वाटते. याच्या उलट २०१६ ची लातूरची स्थिती. मांजरा धरण कोरडे पडले, टँकरच्या रांगा आणि हाणामारीच्या भीतीने मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ते आणणाऱ्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण उसाची लागवड, उपसा आणि विंधन विहिरी यांवर आवर घालायची वेळ त्याच्या किती तरी आधी येऊन गेली होती. जगत्तुंग समुद्रासारखा तलाव बांधणाऱ्यांना कळले होते, की पाणी अडवायची वेळ पाऊस पडत असतानाची असते. टंचाईत अडवायला पाणीच नसते.

या मांडणीवर तीन आक्षेप येतील आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला असा, की 'वेळ नव्हता' ही सबब दिली तर अपराध्यालाही पळवाट मिळते. पण घाई माणसाला आंधळे करते हे एकदा कळले, की घाईत न राहणे हीच जबाबदारी ठरते. रोजच्या वेळापत्रकात कुणासाठी थांबता येईल इतकी मोकळीक ठेवणारा माणूस आणि ती न ठेवणारा माणूस यांच्यातला फरक नैतिक आहे. तो फक्त सोयीचा नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सवड ही श्रीमंतांची मिरास आहे, मग गरीब अनैतिक ठरतात काय? मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी उचल घेऊन निघते, पोरांची शाळा मध्येच तुटते. त्यांचा दिवस मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हाती असतो. वेळेचा मान राखायचा तर दुसऱ्याचा वेळ हिरावून घेणे हा अन्याय मानावाच लागेल. शिक्षणाचे वय उलटून गेले की पैसा ते परत आणू शकत नाही. कंधारमध्ये केशवराव धोंडगे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या श्री शिवाजी मोफत शिक्षण संस्थेच्या नावातला 'मोफत' हा शब्द म्हणून महत्त्वाचा आहे. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या भागातल्या शेतकऱ्याच्या पोराला, बापाकडे फीचे पैसे जमेपर्यंत थांबायला लावायचे नाही, हा त्याचा अर्थ. तिथे वेळ वाटून देणे हाच न्याय होता.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा. सत्य, अहिंसा ही मूल्ये काळाच्या पलीकडची आहेत. त्यांना वेळेच्या खुंटीला बांधले तर नीती संधिसाधू होईल. शिवाय झुंडीचा न्यायही वेगवान असतो आणि तो अन्याय असतो. उत्तर असे, की वेगाने करणे आणि वेळेवर करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वाफसा येण्याआधी पेरणारा उतावळा, आणि वाफसा गेल्यावर पेरणारा आळशी. दोघांचेही नुकसान होते. झुंड विचाराच्या आधी धावते, म्हणून ती वेळ चुकलेली आहे. मूल्य काय ते काळ ठरवत नाही हे मान्य. पण मूल्य कृतीत उतरते ते नेहमी कुठल्या तरी दिवशी, कुणा तरी समोरच्या माणसाच्या गरजेपाशी. ज्याने सत्य कधीतरी बोलायचे ठरवले आहे पण आज बोलत नाही, त्याचे सत्य कुणाच्याही कामाचे नाही. उशिरा केलेले चांगले व्यर्थ असते असे मात्र यातून निघत नाही. पश्चात्ताप आणि भरपाई मोलाचीच असतात, कारण ती पुढच्या वेळेसाठी माणसाला तयार करतात. गेलेली वेळ भरून आली असे समजण्याचा अधिकार तेवढा ती देत नाहीत.

यातून चांगल्या जगण्याचे एक व्यवहारी माप हाती येते. माणूस मनाने किती थोर आहे हे तपासणे कठीण आहे, आणि ते माप बहुधा आपण स्वतःच्या सोयीने वापरतो. शेजाऱ्याच्या अडचणीत तो किती वेळात पोहोचतो, आईबापांशी बोलायचे ते त्यांच्या हयातीत बोलतो का, गड्याची मजुरी कामाच्या दिवशी देतो का, हे तपासता येते. हाच प्रश्न गावाला, कारखान्याला, सरकारला विचारता येतो: पाऊस असताना पाणी अडवले का, पोर शाळेच्या वयाचे असताना त्याला शाळा मिळाली का, काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम मिळाले का. माणूस स्वभावाने चांगला असेल नसेल, वेळेवर वागायला त्याला शिकवता येते, आणि तशी व्यवस्था माणसांना उभारता येते. दिवाळीत आपण एकमेकांना सुखाच्या शुभेच्छा देतो. त्या शुभेच्छा खऱ्या करायच्या असतील तर येत्या वर्षाच्या कामांतून दुसऱ्याच्या अडीनडीसाठी थोडा वेळ आधीच बाजूला काढून ठेवावा. चांगुलपणाची ती पहिली अट आहे आणि ती पाळणे आपल्या हातात आहे.