बर्फाच्या सरहद्दीवरची रयत

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे साल हिमनद्यांच्या संरक्षणाला वाहिल्यापासून वितळत्या बर्फाचे आकडे वृत्तपत्रांतून इतके आले, की त्यांची उजळणी करून वाचकांचा रविवार खर्ची घालण्याचे धाडस मजजवळ नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये १९७७ पासून दर उन्हाळ्याच्या अखेरीस छोट्या विमानातून हिमनद्यांची छायाचित्रे घेऊन बर्फाची सरहद्द कोठवर हटली याची नोंद दप्तरी दाखल होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या सरहद्दीवर ठाणे मांडून बसलेल्या रयतेची, म्हणजे सेल्मिसिया नामक पहाडी डेझींची, वास्तपुस्त करण्यास आम्हां वृत्तपत्रवाल्यांना सवड होत नाही, ही माझी फिर्याद आहे.

या प्रजातीच्या जाती साठांच्या घरात. थोड्या ऑस्ट्रेलियाच्या डोंगरांत, बाकी सगळ्या न्यूझीलंडच्या. एका बोंडात अनेक फुले कशी नांदतात, हा शाळेतला पाठ येथे गिरवीत नाही. नामकरण केले ते १८२५ साली आंरी कासिनी यांनी. शनीच्या कड्यांतील फट ज्यांनी हेरली त्या ज्योतिर्विदांच्या वंशातील हे गृहस्थ पेशाने न्यायाधीश. पण घराण्याची दुर्बीण बाजूला सारून त्यांनी शेवंती-सूर्यफुलाच्या अफाट कुळाची वर्गवारी अशा चिकाटीने लावली, की कज्ज्यांचे निवाडे करणारा हात केसरांचा निवाडाही तितक्याच सावधपणे करीत असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही. नाव मात्र त्यांनी ग्रीक पुराणातून उचलले. त्यांच्यामागून आलेल्यांच्या वाट्याला निवाडा अवघड आला, कारण या जाती आपापसांत सर्रास संकर करतात.

मला स्वतःला मोह आहे तो माओरी लोक ज्याला टिकुमु म्हणतात त्या जातीचा. तिचे पान तलवारीसारखे लांब, वरून रुपेरी; उलटून पाहावे तो खाली घोंगडीसारखी घट्ट, पांढरी लव. श्वासरंध्रे या लवेखाली झाकलेली असल्याने डोंगरमाथ्यावरच्या सोसाट्याच्या वाऱ्यातही पानातील पाणी बेताने खर्च होते. माओरी कारागिरांनी हे मर्म शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखले: हे लवेचे अस्तर सोलून त्यांनी पाऊस झटकून टाकणारी प्रावरणे विणली, आणि भाल्यासारख्या टोकांच्या गवतातून चालताना पोटऱ्या सोलवटू नयेत म्हणून पायांचे वेष्टनही त्याचेच केले. झाडाने स्वतःसाठी केलेला बंदोबस्त माणसाने अंगावर पांघरला! कास पठारावरची आपली सोनकीही याच कुळातली, पण तिचा संसार एका पावसाळ्यात आटोपतो. सेल्मिसिया मात्र वर्षानुवर्षे एकाच जागी टिकते, आणि काही जातींत वाळलेली पाने न गळता बुंध्याभोवती साचून कुजतात व झाड आपल्याच जुन्या पानांच्या खतावर पोसले जाते.

आता त्या सरहद्दीविषयी. हास्ट या भूशास्त्रज्ञाचे नाव लाभलेली सेल्मिसिया हास्टी ही ठेंगणी जात नेमक्या अशा खोलगट जागा धरून राहते, जेथे बर्फ उन्हाळा बराच सरेपर्यंत साचून असते; ते पांघरूण हटले की उरल्यासुरल्या आठवड्यांत फुलणे, फळणे सारे उरकायचे. पांघरूण लवकर उडाले, तर ज्या उंच गवताला हा मुक्काम आजवर मानवला नाही ते आत शिरण्याची धास्ती, आणि वर सरकावे म्हटले तर डोंगराला शिखर असते. विमानातून टिपलेल्या छायाचित्रांत बर्फाची कड स्पष्ट दिसते. तिच्या पायथ्याशी असलेली ही वीतभर उंचीची पांढरी फुले तेवढ्या उंचीवरून दिसत नाहीत.