गर्भिणी आणि रक्त पातळ करणारी औषधे : आपली मर्यादा व दक्षता

हृदयात कृत्रिम धातूची झडप बसविलेली स्त्री गर्भवती राहिली, की ‘रक्त पातळ करणारी गोळी बाळास बाधेल’ या भीतीने ती परस्पर बंद करून गर्भपोषक औषधासाठी आपल्याकडे येऊ शकते. अशा वेळी वैद्याचा पहिला प्रश्न ‘गोळी कधी बंद केली?’ हाच असावा आणि त्याच दिवशी तिला तज्ज्ञांकडे पाठवावे, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

ही भीती निराधार नाही. वॉरफरिन व असिनोकुमारॉल अपरेतून गर्भापर्यंत पोहोचतात. ६ ते १२ या आठवड्यांत गर्भाच्या नाकाच्या व अस्थींच्या घडणीत त्यामुळे वैगुण्य येऊ शकते. हेपॅरिन अपरा ओलांडत नाही. परंतु धातूच्या झडपेस त्याचे संरक्षण गोळीइतके खात्रीचे नसते. गर्भावस्थेत रक्त गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. झडपेवर गुठळी धरल्यास माता व गर्भ दोघांचेही प्राण संकटात येतात. म्हणून औषधाची निवड व मात्रा हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ वारंवार रक्ततपासणी करून ठरवितात. प्रसूतीत अर्भकाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ नये यासाठी ३६ व्या आठवड्याच्या सुमारास गोळी थांबवून हेपॅरिन देतात. प्रसूतीनंतर वॉरफरिन घेत असतानाही स्तन्यपान चालू ठेवता येते.

आपल्या चिकित्सेतही दक्षता हवी. लसूण, गुग्गुळ, सुंठ, हळद यांचे कल्प औषधी मात्रेत दिल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू अथवा घटवू नये. आठव्या मासातील बस्ती तज्ज्ञांच्या संमतीविना योजू नये. एकाच पायास सूज व वेदना असल्यास ती नेहमीची सूज समजून अभ्यंग करू नये. शिरेत गुठळी असू शकते. दम लागणे, झडपेचा नित्याचा टिकटिक आवाज मंदावणे किंवा योनिगत रक्तस्राव ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे.

औषधविक्रेत्यांनी या दोन गोळ्या एकमेकींच्या बदली देऊ नयेत. त्यांच्या मात्रा समान नाहीत. चिठ्ठीवाचून वेदनाशामक गोळीही देऊ नये.

चरकाचार्यांनी गर्भिणीस तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. ते पात्र न हिंदकळता योग्य हाती पोहोचविणे, हीदेखील चिकित्साच होय.