हातांचा कंप, पायांची तळमळ

आजोबांचा हात मांडीवर ठेवला तरी थरथरतो, पाऊल आखूड पडतं. ‘म्हातारपण, दुसरं काय!’ म्हणून आपण सोडून देतो. पण हा पार्किन्सनचा आजार, म्हणजे आपला कंपवात, असू शकतो.

मेंदूच्या खोल भागात काही काळसर पेशी डोपामीन नावाचं द्रव्य तयार करतात. हालचालीचे निरोप पोहोचवणारा हा सांगाड्या. पेशी मरू लागल्या की निरोप अडखळतात. १९५७ साली स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेत सापडतं. ससे निपचित पडले. मग ज्यापासून डोपामीन बनतं ते डोपा टोचताच हिंडू लागले! त्यातूनच पुढं कंपवातावर लेव्होडोपा हे औषध आलं.

दुसरं दुखणं पायांचं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत वळवळतं. पाय हलवल्यावाचून राहवत नाही. इथं पेशी मेलेल्या नसतात, डोपामीनचा कारभार बिघडलेला दिसतो. डोपामीन घडायला लोह लागतं. म्हणून लोह कमी असलेल्यांना आणि गरोदर बायांना हा त्रास अधिक. लोहाची तूट भरली की पुष्कळांना आराम पडतो.

खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असतं, पण मात्रा मोजलेली नसते. मनानं चूर्ण घेऊ नये. डॉक्टरांना दाखवावं. कंपवात समूळ जात नाही. पण आजोबांना चहाचा पेला पुन्हा स्वतः धरता आला, तर ते काय थोडं झालं?