गोव्याचे मोतेत

गडचांदुरात हरिनाम सप्ताहाला भजनी मंडळ उभे राहिले म्हणजे कंठ वीस असोत वा पन्नास, चाल एकच असते. उलट, तेराव्या शतकात फ्रान्समध्ये उदय पावलेल्या आणि सोळाव्या शतकात पालेस्त्रीना व व्हिक्तोरिया या रचनाकारांच्या हाती परिणतीस पोहोचलेल्या ‘मोतेत’ या लॅटिन समूहगानात प्रत्येक स्वरपंक्तीस स्वतंत्र चाल असते, एकीने उच्चारलेले पद दुसरी किंचित विलंबाने उचलते, आणि या भिन्न चालींच्या संगमातून क्षणोक्षणी जे स्वरमेळ उद्भवतात त्यांतच त्या रचनेचा प्राण असतो.

पोर्तुगीज अंमलात हा प्रकार गोव्यात आला, आणि चर्चच्या शाळांतून स्वरलिपी व व्हायोलिन शिकविणाऱ्या ‘मेस्तां’च्या हाती तो पालटला. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळासाठी गोमंतकीय रचनाकारांनी जे मोतेत रचले, त्यांत बहुधा दोनच स्वरपंक्ती, षड्ज-गंधाराइतके अंतर राखून, हातात हात घालून चालतात. साथीला व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि खर्जातला डबल बास असतो. युरोपीय पंडितास यात स्वरगुंफणीचे दारिद्र्य दिसेल. मला मात्र येथे चालीने आपले स्वामित्व परत मिळविलेले दिसते, आणि ते या मातीच्या स्वभावास धरूनच झाले असे वाटते.

‘ओ वोस ओम्नेस’ हेच पाहा. बायबलमधील विलापगीतांतून घेतलेल्या या पदात उद्ध्वस्त जेरुसलेम वाटसरूंना थांबवून आपल्यासारखे दुःख कोठे आहे काय, असे विचारते. व्हिक्तोरियाने ते 1572 साली चार स्वरपंक्तींत संयमाने बांधले. रचनाकार जेझुआल्दोने 1611 साली सहा स्वरपंक्तींत, कर्कश वाटावेत अशा स्वरमेळांनी ते पिळवटून काढले. गोव्यात उपवासकाळातील मिरवणुकीत मात्र, क्रूस वाहणाऱ्या येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका झालेली एकटी स्त्री येशूची मुखमुद्रा उमटलेले वस्त्र उलगडीत ते गाते. आर्ततेत ती त्या दोघांहून उणी पडत नाही, असे माझे मत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) उपासनेत लोकभाषा आल्या आणि लॅटिन मागे सरली, तरी उपवासकाळात ती गोव्यात अद्याप ऐकू येते. याच परंपरेत माजोर्ड्याच्या चर्चमधील गायकवृंदाच्या मेस्ताचा मुलगा अँथनी गोन्साल्विस वाढला आणि पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदरचनाकार म्हणून गाजला. तेव्हा गोव्यास जाणाऱ्या वाचकांनी डिसेंबरची गर्दी टाळून ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत जावे, आणि एखाद्या गावच्या चर्चमध्ये सायंकाळी मागच्या बाकावर बसून हे गायन ऐकावे.